'येते' नंतरचं पान

कांद्याच्या माना पडायला लागल्या की मला अपराधी वाटायला लागतं.

मार्च लागतो, पात पिवळी पडते आणि गड्ड्यावरचा तो हिरवा, पोकळ देठ आपल्याच भारानं लवून एक दिवस मातीवर आडवा होतो. आमच्याकडे त्याला मान पडणं म्हणतात. वाफ्यातल्या निम्म्या माना पडल्या की कांदा काढणीला आला. परवा न्हावरे गावाच्या पुढं गाडीची काच खाली केली आणि तो वास आत आला. तापलेली माती, नुकतीच कापलेली पात आणि त्यांत मिसळलेला गोडसर, डोळ्यांच्या कडांना झोंबणारा दर्प. रस्त्याकडेच्या वावरात बायका रांगेनं बसल्या होत्या. साडीवर नवऱ्याचा जुना सदरा, डोक्याला टॉवेल, हातात विळा. एकजण काहीतरी बोलली आणि अख्खी रांग हसली. मी गाडी हळू केली, पण थांबवली नाही.

मी एकावन्न वर्षांचा आहे. शिरूरला अकरावी-बारावीच्या मुलांना मराठी शिकवतो. कांद्याशी माझा संबंध आता भज्यांपुरताच उरला आहे असं आमच्या स्टाफरूममध्ये म्हणतात, आणि ते खरं आहे. तरी या वासानं माझीही मान खाली जाते. का, ते आज लिहून टाकणार आहे. एकदा चारचौघींसमोर बोललो आहे, तेव्हा आता कागदाला भ्यायचं कारण नाही.

याच दिवसांत महिला दिन येतो आणि मला आमंत्रणं येतात. गेली वीस वर्षं आमच्या भागात कुठंही स्त्रीस्वातंत्र्यावर व्याख्यान ठेवायचं असलं की 'सरांना बोलवा, सर त्या कादंबरीवर छान बोलतात' असं ठरलेलं असतं. कादंबरी जुनी आहे, माझ्या आईच्या जन्माआधीची. तिचं खरं नाव फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही, आमच्याकडे सगळे तिला 'येतेवाली कादंबरी' म्हणतात, मीही इथं तेच म्हणतो.

गोष्ट मंजुळा आणि श्रीधरची. प्रेमकथाच. दोघं घरच्यांचा विरोध पत्करून लग्न करतात. श्रीधर वाईट माणूस नाही, आणि वाचकांच्या सगळ्या भांडणाचं मूळ तेच आहे. तो मारत नाही, पीत नाही, मंजुळेला जपतो. फक्त तिच्या नावानं आलेली पत्रं तो फोडतो आणि तिच्या वतीनं उत्तरंही देऊन टाकतो. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होण्याचं बोलावणं तिला येतं, तेव्हा 'सौ. मंजुळाबाईंची प्रकृती नाजूक असते' असं त्यानं परस्पर कळवलेलं असतं. तिला ते सहा महिन्यांनी कळतं. शेवटच्या प्रकरणात ती हातात एक पिशवी घेऊन उंबरठ्यावर उभी राहते आणि म्हणते, "येते." श्रीधर वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणतो, "लवकर ये."

इथं पान संपतं. समोरच्या पानावर पुढं चारच ओळी. गल्लीच्या तोंडाशी टांगा उभा आहे. टांगेवाला विचारतो, बाई, परतीचं भाडं आत्ताच ठरवायचं का? मंजुळा म्हणते, "नको." संपली कादंबरी.

आपल्याकडे घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. कोपऱ्यावरून काडेपेटी आणायला निघालेलं पोरसुद्धा 'येतो' म्हणतं, आणि चुकून 'जातो' म्हणालं तर आई स्वयंपाकघरातून ओरडते, "येतो म्हण!" जाणाऱ्याच्या तोंडी येण्याचा शब्द ठेवणारी भाषा किती मायाळू, असं मी वर्गात वर्षानुवर्षं कौतुकानं सांगत आलो. मग लक्षात आलं, की याच मायेपायी मराठी बाईला खरोखर घर सोडून जायचं असलं तर तसं सांगायला शब्दच उरलेला नाही. ती 'येते' म्हणूनच जाणार. ऐकणाऱ्यानं काय ते समजून घ्यायचं. श्रीधरला समजलं नाही. वाचकांना समजलं का, यावर इतकी वर्षं वाद चालू आहे.

आमच्या स्टाफरूममधले भौतिकशास्त्राचे सर म्हणतात, परतीचं भाडं ठरवलं नाही, याचा अर्थ ती येताना बसनं येणार. एका वर्षी बारावीतल्या एका मुलीनं उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं, 'मंजुळा गेली हे दुःखद नाही. श्रीधर अजून पेपरच वाचत आहे हे दुःखद आहे.' मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि ते वाक्य पुढं तीन भाषणांत आपलंच म्हणून खपवलं. भाषणाचा शेवट मात्र माझा स्वतःचा असे. आवाज खाली आणून मी म्हणायचो, "या कादंबरीचा शेवटचा शब्द 'नको' आहे, आणि बाईच्या तोंडच्या 'नको'ला मान देणारा समाज अजून घडायचा आहे." टाळ्या हमखास पडत.

त्या टाळ्यांच्या वेळी मला शर्टाच्या आत घाम फुटत असे. कारण तो 'नको' मी ब्लेडनं कापून काढला होता.

अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आमचं गाव वडगाव रासाई, भीमेच्या काठावर. अक्काचं सासर नदीच्या पलीकडं, दौंड तालुक्यात. आमच्या वावरात उभं राहिलं की पलीकडं तिच्या सासरच्या दारातली नारळाची दोन झाडं दिसत. बंधाऱ्यावरून चालत गेलं तर अर्धा तास. डी.एड.चं दुसरं वर्ष निम्मं झालेलं असताना, दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. राहिलेलं वर्ष पुरं करू देऊ, असा शब्द पलीकडच्यांनी बैठकीत दिला होता. दोन महिन्यांत तो शब्द मागं पडला. "घरात काय कमी हाय, मास्तरीण कशाला व्हायचं?" असं सासूबाई म्हणाल्या. दाजी काहीच म्हणाले नाहीत.

मार्चमध्ये काढणीला हात कमी पडतात म्हणून अक्का माहेरी आली. पिशवीत वर चार साड्या आणि खाली डी.एड.ची पुस्तकं. परीक्षा मे महिन्यात होती. कॉलेजच्या बाईंनी हजेरीचं सांभाळून घेते म्हणून सांगितलं होतं. अक्काला एवढंच हवं होतं, की परीक्षा होईपर्यंत आपल्याला माहेरी राहू द्यावं, पलीकडं पाठवू नये. दोन-अडीच महिने. आज हे लिहिताना ते किती थोडे होते हे कळतं.

त्या काढणीचा माझ्या डोक्यात एक आवाज आहे. सकाळी उन्हं चढायच्या आत ओले कांदे उपटतानाचा सट् सट् असा, आणि दुपारी वाळलेली पात विळ्यानं कापतानाचा कोरडा, एकसारखा. रांगेत सगळ्यात वयस्क चंद्रामावशी. ती हातानं झपाझप कापायची आणि तोंडानं त्याहून झपाझप. नवी कुणी बसली की तिचा एकच धडा: "मान ठिवून काप गं. दोन बोटं मान ठिव. मुंडी छाटल्यावानी कापशील तर कांदा चाळीत साठिवल्यावर सडंल."

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या लिंबाखाली बसायच्या. भाकरी, ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा. अक्का भाकरी लवकर संपवायची, हात पुसायची आणि पुस्तक उघडायची. गावच्या वाचनालयातून मीच ती येतेवाली कादंबरी तिला आणून दिली होती, मुली तेव्हा वाचनालयाच्या पायऱ्या चढत नसत. रोज एक प्रकरण, मोठ्यानं. ऐकणाऱ्यांतल्या निम्म्या बायकांना वाचता येत नव्हतं, पण त्या रांगेइतकी कडक समीक्षा मी पुढं कुठल्या परिसंवादात ऐकली नाही.

"त्यो शिरीधर काय वंगाळ न्हाई बया," एकजण म्हणाली. "हातबीत उगारत न्हाई."

"आगं, पत्र फोडतोय की तिचं."

"फोडंना. माझ्या मालकानं उभ्या जल्मात माझं एक पत्र फोडलं न्हाई."

"तुला आलंतं कवा पत्र?" चंद्रामावशीनं विचारलं, आणि हसता हसता एकीला ठसका लागला. हसणं ओसरल्यावर मावशी म्हणाली, "पत्राचं सोडा. तिला इचारलं का त्येनं? इचारायला काय टांगा लागतो व्हय?"

अक्का हसली नाही. तिनं त्या वाक्यावर पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि नदीकडं बघत राहिली.

त्या आठवड्यात पलीकडून निरोप आला, रविवारी आणून सोडा. आबा, आमचे वडील, मला विहिरीकडं घेऊन गेले. धोतराचा सोगा खोचत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाळू, तुझं ऐकती ती. तू सांग तिला."

"आबा, तिची परीक्षा..."

"परीक्षा! चार महिन्यांत माघारी आली म्हणतील लोकं. परीक्षेचं कोण इचारतंय? तू आता मोठा हायेस. तू सांगितलं की ती जाईल."

मी आबांना घाबरलो असतो तर या लेखाची गरज नव्हती, भ्यालेल्या मुलाला कुणीही माफ करतं. मी घाबरलो नव्हतो. मी फुशारलो होतो. तोवर आबांनी मला बैल सोड, विहिरीवरची मोटार बंद कर, एवढंच सांगितलं होतं. पहिल्यांदा त्यांनी मला घरातल्या मोठ्या पुरुषासारखं बाजूला घेऊन काम सांगितलं, आणि ते काम नीट करून दाखवायचं एवढंच माझ्या डोक्यात भरलं.

मला पुस्तकाचा शेवट आधी वाचायची खोड आहे. मंजुळेचा 'नको' मी वाचनालयाच्या पायऱ्यांवरच वाचला होता. शनिवारी सकाळी अक्का पाण्याला गेली असताना मी दाढीच्या ब्लेडनं ते शेवटचं पान शिवणीला लागून कापलं. सरळ, स्वच्छ कापलं. कागद कापतानाचा बारीक आवाज आला, तो पात कापण्याच्या आवाजासारखाच होता. पान मी माझ्या इतिहासाच्या गाइडात ठेवलं.

दुपारी लिंबाखाली अक्कानं शेवटचं प्रकरण वाचलं. शेवटाकडं ती सावकाश वाचायला लागली. "येते." "लवकर ये." ती समोरच्या पानाकडं वळली. पुढं पुठ्ठा.

"आन् मग?" चंद्रामावशीनं विचारलं.

"संपलं," अक्का म्हणाली.

"म्हंजी काय? आली का गेली?"

"येते म्हणली म्हंजी येणार की," एक म्हणाली.

"येते समदेच म्हणत्यात. माझी जाऊ येते म्हणून गेली, सात वर्सं झाली."

मी मोटार चालू करायचं निमित्त करून तिथंच उभा होतो. अक्कानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. "बाळू, तू तर शेवट आधी वाचतोस. काय होतं रे? जाते का ती?"

माझं उत्तर तयार होतं. मी मोठ्या माणसाच्या आवाजात म्हणालो, "इथंच संपतं, अक्का. पण तिनं शब्द दिलाय ना, 'येते.' मग येते ती. परत येते."

"बगा, शिकल्याल्याला कळतं बरूबर," कुणीतरी म्हणालं.

अक्कानं पुस्तक लगेच मिटलं नाही. शिवणीच्या जागी अंगठा फिरवला, वरून खाली, एकदाच. मग विळा उचलून रांगेत जाऊन बसली.

रविवारी ती गेली. आईनं ओटी भरली. दारातून बाहेर पडताना अक्का सहज, कुणाकडं न बघता म्हणाली, "जाते." आई आत वळली होती, तिनं ऐकलं नाही. मी ऐकलं. आणि मी, वीस वर्षांचा, होऊ घातलेला मराठीचा मास्तर, म्हणालो, "अक्का, येते म्हणावं."

तिनं माझ्याकडं बघितलं. "येते," ती म्हणाली.

बंधाऱ्याच्या निम्म्यापर्यंत तिची पिशवी मी धरली होती. ती हलकी होती. डी.एड.ची पुस्तकं तिनं घरी फळीवरच ठेवली होती. बालमानसशास्त्राचं पुस्तक पुढं मी बी.एड.ला वापरलं. त्यावर तिच्या अक्षरात समासात टिपा होत्या. चांगल्या होत्या. मला त्या परीक्षेत उपयोगी पडल्या.

कापलेलं पुस्तक मी वाचनालयात परत केलं. पान गायब झाल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण 'येते'वर ते छान संपतं. आपल्याकडे वाचनालयाच्या पुस्तकांत मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं अभिप्राय लिहायची सवय असते. मी गावी गेलो की ते पुस्तक काढून बघायचो. 'अवश्य वाचा.' 'शेवट गोड.' 'ती येणारच, आपली संस्कृती आहे.' 'येऊ नये, पण येईल.' 'भगिनींनी आदर्श घ्यावा.' एका घट्ट, गिरवलेल्या अक्षरात फक्त 'का?' वर्षागणिक ओळी वाढत गेल्या. एका अक्कासाठी म्हणून मी जे कापलं, त्यानं गावातल्या सगळ्या वाचणाऱ्या बायकांची मंजुळा घरी परतली. बाहेर मी 'नको'वर भाषणं देत होतो आणि माझ्या गावात ती 'नको' म्हणालीच नव्हती.

पान परत चिकटवायला किती वेळ लागला असता? तेवढं धाडस माझ्याकडे नव्हतं. गाइडातून ते पान माझ्या डिग्रीच्या फाइलमध्ये गेलं, फाइलमधून कपाटात.

अक्काचं काय झालं, तर चांगलं झालं. हे मी स्वतःला दिलासा द्यायला लिहीत नाही. ती आज रोपवाटिका चालवते, टोमॅटो, मिरची, कोबीची रोपं. आठ बायका तिच्याकडे कामाला आहेत. दाजी टेम्पो चालवतात आणि सकाळी दारात उभे राहून गमतीनं विचारतात, "मॅडम, कुठला माल कुठं सोडायचा?" ती ट्रेमधलं रोप बोटानं हलवून मूळ बघते आणि सांगते. तिच्या बोलण्यात कुठंही कडवटपणा नाही. पण शाळा सुटायच्या वेळेला तिच्या रोपवाटिकेवरून मुलांचा घोळका जातो, तेव्हा ती काम थांबवून बघते. हेही मी बघितलं आहे.

या वर्षी आमंत्रण दौंडहून आलं. एका निवृत्त शिक्षिकेच्या, रूथबाईंच्या घरी महिन्यातून एकदा दुपारी दहा-बारा बायका जमतात आणि एका पुस्तकावर बोलतात. रूथबाईंची हयात मिशनच्या शाळेत शिकवण्यात गेली, अजून त्या बोलताना समोरच्याची पाटी तपासत आहेत असं वाटतं. येतेवाली कादंबरी नव्यानं छापून आली होती, ती सगळ्यांनी वाचली होती. अक्का त्या गटात जाते हे मला माहीत होतं. मी नाही म्हणू शकलो असतो. पण पन्नाशी ओलांडली की माणूस एकतर खोटं बोलायला निर्ढावतो किंवा कंटाळतो. मी कंटाळलो होतो. कपाटातून पान काढलं आणि खिशात घातलं.

व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. रूथबाईंनी केक केला होता. माझ्या भाषणाची कुणालाच घाई दिसली नाही.

"सर, तुम्ही शेवटी बोला. आधी आम्ही भांडतो," प्रियांका म्हणाली. ती कुरकुंभच्या एका कंपनीत नोकरी करते, शिफ्ट संपवून थेट आली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच. "माझं म्हणणं, मंजुळानं घाई केली. मी असते तर आधी अपॉइंटमेंट लेटर हातात घेतलं असतं, मग 'येते' म्हणाले असते."

"लेटर आलं असतं तर त्यानंच फोडलं असतं ना," दुसरी म्हणाली.

"व्हॉट्सअॅपवर मागवायचं!"

हसणं थांबल्यावर रूथबाई म्हणाल्या, "आम्ही क्षमा शिकवतो. तिनं श्रीधरला क्षमा करावी असं मला वाटतं. पण क्षमा केली म्हणजे स्वयंपाकाला परत यायलाच हवं, असं कुठं लिहिलेलं नाही."

"पण आमच्या पुस्तकात ती परतच येत होती," अक्का म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. तिनं केकची बशी खाली ठेवली. "आमच्या वडगावच्या वाचनालयात जे पुस्तक हाय ना, त्येच्यात हे टांग्याचं पानच न्हाई. 'येते' म्हणली की संपलं. आम्ही काढणीत वाचलं होतं समद्यांनी. मी तर मोठ्यानं वाचलं होतं."

"आवृत्ती वेगळी असेल," रूथबाई म्हणाल्या. "सर, तुम्ही सांगा. तुम्ही अभ्यासक."

अक्का माझ्याकडं बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. लिंबाखालच्या त्या दुपारी होता तसा, उत्तराची वाट बघणारा सरळ चेहरा. मी 'आवृत्ती वेगळी' म्हणालो असतो तर ते तिथंच मिटलं असतं. मला वाटतं, ती मला तीच जागा मोकळी करून देत होती आणि मी तिथं बसतो का ते बघत होती.

मी खिशातून पान काढून टेबलावर ठेवलं. "आवृत्ती तीच आहे. हे पान मी कापलं. अक्कानं परीक्षा देऊ नये, सासरी जावं म्हणून."

पान हातोहात फिरलं. मग प्रियांका म्हणाली, "सर, कॉलेजात पोरांनी पान फाडलं तर तुम्ही काय करता?"

"बाहेर उभं करतो."

"मग व्हा उभे," ती म्हणाली. कुणी हसलं, कुणी नाही. मी खरंच उठून व्हरांड्याच्या पायरीवर गेलो. बसून ऐकणं मला जमलं नसतं.

थोड्या वेळानं अक्का येऊन शेजारी उभी राहिली. मी म्हणालो, "मी तुझं आयुष्य..."

"थांब," ती म्हणाली. "लगीच भाषण सुरू करू नको. पान कापलंय हे मला त्याच दिवशी कळलं होतं."

"कसं?"

"शिवलेलं पुस्तक हाय ते. शेवटचं पान कापलं की त्येच्या जोडीचं अलीकडचं पान सुटतं. रात्रीपर्यंत ते सुटून माझ्या हातात आलं. मी भाताच्या खळीनं चिकटवलं. आन् पुस्तक तुझ्या-माझ्याशिवाय कुणाकडं होतं?"

"पण त्यावर काय होतं, ते तर तुला..."

"आता तू मास्तर का मी?" ती हसली. "परत आली असं लिहिलेलं पान कुणी कापंल का? ते तर तू चारदा मोठ्यानं वाचून दाखवलं असतंस. कापलं म्हंजी गेलीच असणार ती."

तीस वर्षं मी समजत होतो की मी तिच्यापासून शेवट लपवला. मी तो तिला सगळ्यात ठळक अक्षरात सांगितला होता.

"मग तू सासरी का गेलीस?" मी विचारलं.

अक्कानं हातावरचा केकचा चुरा झटकला. आतून बशांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "बाळू, पुस्तक वाचून कुणी घर सोडत न्हाई आन् पान न्हाई म्हणून कुणी नांदायला जात न्हाई. तुझा तेवढा वट नव्हता. आबा जा म्हणतील, आई रडंल, हे मला ठाऊकच होतं. त्येंच्याशी मी भांडले असते. पण मला वाटत होतं, तू हायेस. तू माझ्या बाजूनं एक शब्द बोलशील. तू खोटं बोललास, तवा कळलं की घरात कुणीच न्हाई. मग कशाच्या जोरावर ऱ्हायचं?"

ती हे कुठलाही आवाज न चढवता म्हणाली. मी कापलेल्या पानाचा अपराध इतकी वर्षं वाहिला, आणि खरा अपराध त्या पानात नव्हताच. मान ठेवून कापायचं असतं, चंद्रामावशी रोज ओरडून सांगायची. मी पानही शिवणीला लागून कापलं आणि बहिणीचा आधारही.

"मला माफ कर," मी म्हणालो.

"बघू," अक्का म्हणाली. "आधी पान चिकटव."

म्हणून परवा मी न्हावऱ्यावरून वडगावला गेलो. ती पलीकडून स्कूटीवर आली, डिकीत डिंकाची बाटली घेऊन. वाचनालयाच्या पायऱ्या ती माझ्या आधी चढली. पुस्तक होतं. पाठीला कापडी पट्टी, पानं तंबाखूच्या रंगाची. मधलं ते एक पान अजून खळीनं घट्ट चिकटलेलं होतं, कोपऱ्याला वाळून काच झालेल्या भाताच्या कणासकट. मी डिंक लावायला गेलो तर तिनं बाटली काढून घेतली. "तुझा हात कापायचा. सरक."

पान बसलं. जरा पांढरं दिसतं, कारण ते इतकी वर्षं उजेडात नव्हतं. तिनं वरून रुमाल फिरवला. मग मलपृष्ठाच्या आतले सगळे अभिप्राय चष्मा वर-खाली करत वाचून काढले. 'भगिनींनी आदर्श घ्यावा' वाचून ती इतकी हसली की वाचनालयातल्या माणसानं पेपर खाली केला. "हे कुणी लिहिलंय, बाप्या असणार." घट्ट अक्षरातल्या 'का?'वर तिनं बोट ठेवलं.

"हे तुझं आहे ना?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "मला बी कळलं असतं तर बरं झालं असतं, कोण ते."

मग तिनं पेन मागितलं. पेन्सिल नको म्हणाली. सगळ्यांच्या खाली, शिक्षिकेच्या त्या गोल, सुट्या अक्षरात, जे मी बालमानसशास्त्राच्या समासात वाचून पास झालो होतो, तिनं लिहिलं: 'शेवटचे पान आता लावले आहे. आधी वाचलेल्यांनी पुन्हा वाचावे.'

पायऱ्या उतरून तिनं स्कूटी चालू केली. समोरच्या वावरात काढणी चालू होती, बायका कापत होत्या, वारा आला की पातीचा वास यायचा. तिनं पदर खोचला, आरशात एकदा बघितलं.

"जाते रे," ती म्हणाली.

शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. इतकी वर्षं मास्तरकी केल्यावर दुरुस्त करायचा हात आपोआप उचलतो. तिनंही गाडी क्षणभर तशीच धरून ठेवली, मी काय म्हणतो ते ऐकायला.

मी म्हणालो, "जा, अक्का."